तिकडच्या कोर्टाचा घटस्फोट, इथलं कुटुंब न्यायालय

नवरा अमेरिकेत, बायको इंदूरला माहेरी, आणि एके दिवशी ई-मेलवर तिकडच्या कोर्टाचे कागद येतात. घरचे म्हणतात, "तिकडचा निकाल इथे कोण विचारतो? लक्षच देऊ नकोस." हा सल्ला अर्धाच खरा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 प्रमाणे, कोर्टाला अधिकार नसताना, गुणदोष न तपासता किंवा समोरच्याचं न ऐकता दिलेला परदेशी निकाल इथे बंधनकारक नसतो. 1991 च्या नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीच्या कोर्टाचा घटस्फोट मानला नाही. तिथे दिलेलं 'संसार सावरण्यापलीकडे गेला' हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाहीच. मात्र बायको स्वखुशीने तिकडे लढली किंवा तिने संमती दिली, तर चित्र पालटतं. म्हणून उत्तर द्यायचं तर वकिलामार्फत, आणि आधी अधिकारक्षेत्रालाच हरकत घेऊन. मुलं किंवा मालमत्ता तिकडे असेल, तर तिकडच्या वकिलालाही विचारा.

समन्स कसं आलं तेही पाहा. परदेशी समन्स बजावण्याबाबतच्या हेग करारात सामील होताना भारताने थेट टपालाने समन्स पाठवण्याला हरकत नोंदवली आहे; रीतसर समन्स विधी व न्याय मंत्रालयामार्फत येतं. तरीही टपालाने आलेलं पाकीट फेकू नका.

इंदूरला घटस्फोटाचा अर्ज कोणाला करता येतो? लग्न इथे लागलं असेल, दोघं शेवटचे एकत्र इथे राहिले असतील, किंवा अर्जदार बायको सध्या इथे राहत असेल तर. ही शेवटची सोय 2003 पासूनची. बायको परदेशात असेल, तर इथे राहणारा नवराही करू शकतो. लग्नाला वर्ष झालेलं हवं. अपवादाला कोर्टाची परवानगी लागते.

विवाह नोंदणी दाखला, ओळखपत्र, इंदूरच्या पत्त्याचा पुरावा, शपथपत्र, परदेशी कागदांच्या प्रमाणित प्रती एवढं जमवा. दाखला नसेल तर फोटो आणि लग्नपत्रिका. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' इथल्या कोर्टात कळेलच असं नाही, तेव्हा हिंदी भाषांतर जोडा.

परदेशात केलेलं मुखत्यारपत्र अपोस्टिल (तिथल्या सरकारचा खरेपणाचा दाखला) करून आणा. भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा. हे हमखास विसरलं जातं.

दोघं राजी असतील तर वर्षभर वेगळं राहिल्यावर संयुक्त अर्ज करता येतो. अर्ज केल्यावर थांबायचे 6 महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. त्याच निकालाने व्हिडिओवरून हजेरीचीही वाट मोकळी केली.