भूक मारणाऱ्या औषधांचा हिशोब

२९ ऑगस्ट १९९६ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये युरोपातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. भूक मारणारी औषधं तीन महिन्यांहून जास्त काळ घेतलेल्यांना फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा एक जीवघेणा आजार, पल्मनरी हायपरटेन्शन, होण्याचा धोका सुमारे २३ पट दिसला होता. आकडा वाचून धस्स व्हावं असाच. पण त्याच अंकात एक संपादकीय होतं आणि त्यात शांतपणे जमाखर्च मांडला होता. हा आजार मुळातच इतका दुर्मिळ, की २३ पट धरूनही वर्षाला दहा लाख रुग्णांमागे १४ मृत्यू होतील. उलट वजन उतरल्यामुळे त्याच दहा लाखांत २८० जीव वाचतील. म्हणजे एकास वीस. मग घाबरायचं कशाला?

यातले १४ हे प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींवरून काढलेले होते. २८० कुणी मोजलेच नव्हते. लठ्ठ माणसं लवकर दगावतात, गोळीने वजन उतरतं, म्हणून गोळी घेणारे जास्त जगतील, अशी साखळी जोडून तो आकडा आला होता. पहिली कडी पक्की, दुसरी बऱ्यापैकी पक्की, तिसरी निव्वळ समजूत. या औषधांचा इतिहास चाळला की ही खोड पुन्हा पुन्हा दिसते: फायदा आगाऊ जमा धरायचा आणि धोका समोर येईल तेव्हा येईल.

अमेरिकेत त्या वेळी ‘फेन-फेन’ची लाट होती. फेन्टरमाइन १९५९ पासून मान्यताप्राप्त, फेनफ्लुरामाइन १९७३ पासून. दोन्ही एकत्र देण्याची मान्यता मात्र नव्हती. १९९२ मध्ये जेमतेम सव्वाशे रुग्णांवरच्या एका अभ्यासाचे निकाल आले आणि डॉक्टर आपल्या अखत्यारीत ही जोडी लिहून देऊ लागले. एकट्या १९९६ सालात या दोन औषधांची १ कोटी ८० लाखांहून जास्त प्रिस्क्रिप्शन्स लिहिली गेली.

नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरात हृदयाची इको तपासणी करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं, की एरवी धडधाकट असलेल्या काही बायकांच्या हृदयाच्या झडपा गळतायत, आणि त्या फेन-फेन घेणाऱ्या आहेत. प्रकरण मेयो क्लिनिक या नामांकित रुग्णालयापर्यंत पोचलं. ऑगस्ट १९९७ मध्ये अशा २४ बायकांची माहिती प्रसिद्ध झाली. सरासरी वर्षभर औषध घेतलेलं. ज्यांची शस्त्रक्रिया करावी लागली त्यांच्या झडपांवर पांढरा चकचकीत थर दिसला. मग अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कसलीही लक्षणं नसलेल्या २९१ रुग्णांचे इको पाहिले, तर जवळपास ३० टक्के बिघडलेले निघाले. १५ सप्टेंबरला फेनफ्लुरामाइन आणि त्याचं भावंड डेक्सफेनफ्लुरामाइन बाजारातून मागे घेतलं गेलं. वर्षापूर्वीच्या त्या जमाखर्चात झडपांचं खातंच नव्हतं. कसं असणार? तोवर तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

भुकेच्या गोळीचा हृदयाच्या झडपेशी संबंध काय, हे कळलं की या औषधांची सगळी जातकुळी कळते. शरीरात फक्त भुकेसाठी राखून ठेवलेलं रसायन जवळपास नाहीच. ‘पोट भरलं’ हे मेंदूला सांगणाऱ्या रसायनांपैकी एक म्हणजे सेरोटोनिन. तेच आतड्यांची हालचाल बघतं, रक्त गोठताना हजर असतं, मनाच्या अवस्थेत लुडबुड करतं. त्याचं म्हणणं ऐकून घेणारे रिसेप्टर डझनाहून जास्त प्रकारचे आहेत. मेंदूत भूक शमवणारा प्रकार ‘२सी’ आणि झडपेच्या पेशींवरचा ‘२बी’. फेनफ्लुरामाइनपासून शरीरात नॉरफेनफ्लुरामाइन तयार होतं, आणि ते या २बीला जोरात चेतवतं. झडपेतल्या पेशी वाढू लागतात, झडप जाड होते, नीट मिटेनाशी होते.

हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी हुशारी केली: फक्त २सीला हात लावणारं औषध घडवलं. लॉरकॅसेरिन. २०१२ मध्ये मान्यता मिळाली, झडपा शाबूत राहिल्या. १२ हजार लोकांच्या पुढच्या चाचणीत मात्र औषध घेणाऱ्यांपैकी ७.७ टक्क्यांना कर्करोग झाला आणि नुसती नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ७.१ टक्क्यांना. फरक छोटा, पण शंका मोठी. २०२० मध्ये तेही गेलं.

बाकीच्यांची गत थोडक्यात सांगतो. अँफेटामाइन आणि त्याच्या कुळातलं फेन्टरमाइन नॉरअॅड्रेनॅलिन हे संकटकाळचं रसायन वाढवतात. संकटात सापडलेल्या माणसाला भूक लागत नाही, तोच परिणाम. पण संकटात नाडीही पळते, रक्तदाब चढतो, झोप उडते. म्हणून फेन्टरमाइन अमेरिकेत आजही मिळतं ते काही आठवड्यांपुरतं, आणि हृदयविकार, थायरॉइडचा अतिरेक, काचबिंदू असेल तर अजिबात नाही. रिमोनाबांटची कल्पना मला सगळ्यात मजेशीर वाटते. गांजा ओढणाऱ्याला नंतर खा-खा सुटते, तर गांजा ज्या रिसेप्टरला लागू होतो त्यालाच कुलूप घाला. घातलं. भूक कमी झाली आणि काहींचं जगण्यातलं मनही उडालं. नैराश्य, आत्महत्येचे विचार. युरोपात २००६ मध्ये आलेलं औषध २००८ मध्ये थांबवलं गेलं, भारतातही त्यावर बंदी आली.

फेनफ्लुरामाइनची कथा मात्र तिथे संपली नाही. ड्रॅव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या अतिशय हट्टी फिट्सच्या आजारावर ते लागू पडतं, आणि २०२० मध्ये अमेरिकेने त्यासाठी त्याला मान्यता दिली. ठराविक काळाने इको करायचा या अटीवर. झडपेला धोका असलेला तोच रेणू, पण ज्या मुलाला सतत झटके येतात त्याच्यासाठी तो धोका पत्करावासा वाटतो. पाच-सहा किलोंसाठी नाही.

सिबुट्रामिनने वेगळा धडा दिला. हेही मेंदूतलं नॉरअॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन वाढवणारं औषध. नाडी आणि रक्तदाब थोडा चढायचा, पण वजन उतरतंय ना, मग हृदयाचं भलंच होईल असा युक्तिवाद होता. युरोपच्या नियामकांनी ते मोजायला लावलं. ‘स्काउट’ चाचणीत वयाची पंचावन्नी गाठलेले, हृदयविकार किंवा मधुमेह असलेले ९,८०४ जण होते. सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के, न घेणाऱ्यांत १० टक्के. वजन खरोखर उतरलं आणि अटॅक तरीही वाढले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बंद झालं, फेब्रुवारी २०११ मध्ये भारतात बंदी आली. (बंदी आली तरी माल गेला नाही. ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन उतरवायच्या चूर्णा-कॅप्सूलांत सिबुट्रामिन मिसळलेलं सापडल्याचे इशारे अमेरिकेचं औषध प्रशासन वारंवार देत आलं आहे.)

मग सध्या ज्यांचा बोलबाला आहे ती सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं वेगळी कशी? मुळात ही मधुमेहाची औषधं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते इन्सुलिन वाढवतं, जठर हळू रिकामं होऊ देतं, मेंदूला तृप्तीचा निरोप देतं, आणि दोनेक मिनिटांत निम्मं नष्ट होतं. सेमाग्लुटाइड त्याच संप्रेरकाची नक्कल, पण रेणूत असे बदल केलेले की निम्मं व्हायला आठवडा लागतो. म्हणून आठवड्याला एक टोचणी पुरते. टिर्झेपाटाइड जीएलपी-१ सोबत आणखी एका संप्रेरकाचा, जीआयपीचा, रिसेप्टर चेतवतं. घेणारे सांगतात की डोक्यात सतत चाललेली ‘काय खाऊ’ची भुणभुण थांबते.

किलोंच्या बाबतीत ही औषधं जुन्यांना फार मागे टाकतात. ‘स्टेप १’ चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नकली इंजेक्शनने २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. पण मला महत्त्वाची वाटते ती २०२३ मध्ये आलेली ‘सिलेक्ट’ चाचणी, कारण तिच्यात किलो दुय्यम होते. १७,६०४ लोकांमध्ये साडेतीन वर्षांच्या आत सेमाग्लुटाइड घेणाऱ्या ६.५ टक्क्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू आला. न घेणाऱ्यांत ८ टक्क्यांना. वजन उतरवणाऱ्या औषधाने हृदयाचा फायदा गृहीत न धरता एवढ्या मोठ्या चाचणीत मोजून दाखवला, हे पहिल्यांदाच घडलं. एका रसायनाची अनेक कामं असतात हा नियम इथेही लागू आहे, फक्त या वेळी इतर कामांचा कौल बराचसा रुग्णाच्या बाजूने पडलेला दिसतो.

वर्तमानपत्रांत ‘धोका २० टक्क्यांनी घटला’ असं आलं, ते चूक नाही. पण ८ चे ६.५ झाले, म्हणजे हजारांत ८० ऐवजी ६५. पंधरा जण वाचले, उरलेल्या ९८५ जणांच्या बाबतीत या एका हिशोबापुरता फरक पडला नाही. त्याच चाचणीत त्रासामुळे औषध सोडणारे होते १६.६ टक्के, नकली इंजेक्शनवाल्यांत ८.२ टक्के. आणि यात कोण घेतले होते? पंचेचाळिशी गाठलेले, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २७ किंवा जास्त, आणि ज्यांना आधीच अटॅक, पक्षाघात किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार होऊन गेलेला. मधुमेहींना वगळलं होतं. अशा माणसाने औषध घ्यायचं ठरवलं तर मी त्याला शहाणाच म्हणेन. लग्नाआधी आठ किलो उतरवायचे आहेत अशा अठ्ठावीस वर्षांच्या निरोगी मुलीला मात्र या चाचणीचा आधार घेता येत नाही. तिच्यासाठी आयुष्य वाढल्याचा फायदा अजूनही गृहीतच धरावा लागतो.

त्रासांची जंत्री मोठी नाही, पण पोटाची आहे. ‘स्टेप १’मध्ये चौघांतल्या तिघांना मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ यांपैकी काहीतरी झालं. मात्र नकली इंजेक्शनवाल्यांतही जवळपास निम्म्यांनी अशाच तक्रारी केल्या, हे सहसा कुणी सांगत नाही. मात्रा सावकाश चढवली की बहुतेकांना सवय होते. पित्ताशयाचे खडे थोडे वाढतात, स्वादुपिंडाचा दाह क्वचित होतो. डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा अचानक तुटून दृष्टी जाण्याचा एक प्रकार आहे. युरोपच्या नियामकांनी २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडच्या दुष्परिणामांत त्याची ‘अतिदुर्मिळ’ म्हणून नोंद केली, दहा हजारांत एकापर्यंत. उंदरांत थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठी दिसल्या होत्या. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही, तरी घरात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग झालेला असेल तर हे औषध देत नाहीत.

खरा पेच औषध थांबवल्यावर सुरू होतो. ‘स्टेप १’मधल्या काहींचा औषध बंद केल्यानंतरही वर्षभर पाठपुरावा केला. वजन १७.३ टक्के उतरलं होतं, त्यातले ११.६ टक्के, म्हणजे उतरलेल्यातलं दोन तृतीयांश, परत आलं, आणि सुधारलेला रक्तदाबही माघारी फिरला. रक्तदाबाची गोळी सोडली की रक्तदाब चढतो, त्यातलाच हा प्रकार. पण रक्तदाबाची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते हे रुग्ण पहिल्या दिवशी ऐकतो. इथे ते क्वचितच सांगितलं जातं. २०२५ मध्ये मार्चमध्ये टिर्झेपाटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं, तेव्हा महिन्याचा खर्च साधारण १४ ते १७ हजारांपासून सुरू होत होता. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६ पर्यंतची. देशी कंपन्या उतरल्या की किंमत पडते आणि घेणारेही वाढतात.

आणि आपल्याकडे स्नायूंचा प्रश्न जास्त टोचणारा आहे. ‘स्टेप १’च्या १४० जणांचं शरीर स्कॅन करून पाहिलं, तर उतरलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबीविरहित भागाचा, म्हणजे बराचसा स्नायूंचा होता. आता पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं प्रसिद्ध छायाचित्र आठवा. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून वेगळे. आपल्यापैकी अनेकांचा बांधा असाच: हाडापेरानं बारीक, स्नायू कमी, चरबी पोटात. म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा ३० ऐवजी २५ वर ओढली जाते. या बांध्यामुळे आपल्याला मधुमेह लवकर गाठतो, तेव्हा औषधाचा फायदाही आपल्याला जास्त होऊ शकतो. पण स्नायूंची शिल्लक आधीच कमी असलेल्याने त्यातूनच खर्च करायचा, आणि औषध सोडल्यावर परतणारं वजन बहुतांशी चरबीचं असलं तर? इंजेक्शन घेणाऱ्याने वजनं उचलण्याचा व्यायाम आणि ताटातली डाळ, अंडी, मासे, पनीर सोडू नयेत. भूक नसताना तेवढं प्रथिन पोटात घालणं हे कष्टाचं काम आहे, आणि नुसत्या चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्यांना ‘वजन छान उतरतंय’ असंच वाटत राहतं.

काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण होऊन त्यांना सांगून टाकायच्या असतात. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही, कारण जठर रेंगाळल्याने ती नीट शोषली जाईलच असं नाही. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते, त्यांची मात्रा कमी करावी लागते. कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल, अगदी मोतीबिंदूचं किंवा नुसती एंडोस्कोपी, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल आधी कळवायचं. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं, आणि भुलेत ते श्वासनलिकेत गेलं तर भारी पडतं.