पेंढ्याला विरजण

खोका उघडला तेव्हा आई शेजारीच बसली होती. आत दीडेक किलोची प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत ठासून भरलेला भाताचा पेंढा आणि पेंढ्यावर सगळीकडे पांढरी लव. "अगं, बुरशी लागलीय याला. परत कर," आई म्हणाली. बुरशीचेच पैसे दिलेत, हे तिला पटवायला पाच मिनिटं लागली.

पण तिचं काही चुकलं नव्हतं. घरी अळिंबी उगवायचं किट म्हणजे बुरशी लागलेला पेंढाच असतो. पिशवीभर पसरलेली ती पांढरी जाळी हाच खरा जीव. आपण भाजी करतो ती छत्री म्हणजे त्याचं फळ, बीजाणू हवेत सोडण्यापुरतं वर येणारं. या जिवाला झाड म्हणणंही चूकच. त्यात हरितद्रव्य नाही, उन्हातून अन्न करणं नाही. नात्याने बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. साखर साठवते ती आपल्या यकृतासारखी ग्लायकोजेनच्या रूपात, आणि तिच्या पेशींच्या भिंतीत असतं कायटिन, म्हणजे कोळंबीच्या कवचातलंच द्रव्य. शिजवल्यावर वांग्याचा लगदा होतो पण अळिंबीचा होत नाही, तो या कायटिनमुळे. उष्णतेने ते विरघळत नाही.

किटमध्ये बहुतेक वेळा धिंगरी असते, शिंपल्याच्या आकाराची अळिंबी. बटण मशरूमला नीट कुजवलेलं कंपोस्ट आणि बरीच थंडी लागते. धिंगरी साध्या पेंढ्यावर, गव्हाच्या काडावर, साधारण २० ते २८ अंशांत खुशाल वाढते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर या जातकुळीची लागवड करून दाखवली गेली. हिमाचलातल्या सोलनमध्ये १९८३ पासून अळिंबीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात प्रशिक्षण मिळतं. उत्पादकांच्या भाषेत अशा पिशवीला 'बेड' म्हणतात आणि तिच्यात घालायच्या बियाण्याला 'स्पॉन'. स्पॉन म्हणजे प्रत्यक्षात उकडलेले गव्हाचे किंवा ज्वारीचे दाणे, ज्यांच्यावर आधीच जाळी वाढवलेली असते.

हे सगळं आईला समजावताना मला सोपा शब्द सापडला: विरजण. दूध आधी तापवतो, कारण त्यातले बाकीचे जंतू मारायचे असतात. मग कोमट झाल्यावर विरजण लावतो, म्हणजे आपल्याला हवे ते जंतू एकदम मोठ्या संख्येने आत जातात आणि इतरांना शिरायच्या आत दूध ताब्यात घेतात. बेड भरताना नेमकं हेच करतात. पेंढा रात्रभर भिजवायचा, ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा, निथळू द्यायचा, थंड करायचा आणि ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के स्पॉन थराथराने घालायचा. मग पिशवी बांधून पंधरा-वीस दिवस अंधाऱ्या, उबदार जागी. दह्यासारखंच, मधे हलवायचं नाही. प्रत्येक दाण्याभोवती पांढरा ठिपका दिसतो, ठिपके एकमेकांना मिळतात, आणि सुटा पेंढा विटेसारखा घट्ट होतो. किटवाल्यांनी हे सगळं आधीच करून दिलेलं असतं. आपण विकत घेतो ते लागलेलं दही.

या पंधरा दिवसांत आत जे चालतं ते मला छत्र्यांपेक्षा जास्त मजेशीर वाटतं. पेंढ्यातलं सेल्युलोज लिग्निन नावाच्या चिवट द्रव्यात गुरफटलेलं असतं. गाय पोटातल्या जंतूंच्या मदतीने सेल्युलोज पचवते, पण लिग्निन तिलाही जमत नाही. धिंगरी मूळची कुजक्या लाकडावरची, त्यामुळे लिग्निन फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तिच्याजवळ आहेत. ती विकरं बाहेर सोडते आणि विरघळलेला रस शोषून घेते. म्हणजे आधी पचवते, मग खाते. मात्र लाकडात नायट्रोजन फारच कमी. ती तूट ती शिकार करून भरून काढते. १९८४ साली कॅनडातल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की धिंगरी सूक्ष्म सूत्रकृमींना लुळं पाडते आणि मग त्यांच्या शरीरात तंतू घुसवते. ते विष कोणतं हे तैवानमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये उलगडलं. धिंगरीच्या तंतूंवर लॉलीपॉपसारखे बारीक गोळे असतात. कृमीचा धक्का लागला की ते फुटतात आणि त्यातलं ३-ऑक्टॅनोन त्याला जागच्या जागी थिजवतं. आमच्या कट्टर शाकाहारी शेजाऱ्यांना मी दर खेपेला वाटीभर अळिंबी देते. हे अजून सांगितलेलं नाही.

आता किटचं पुढचं काम. सूचना एवढीच होती की पिशवीला चिरा द्या, रोज दोन-तीनदा पाणी फवारा, ओलसर जागी ठेवा. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये सर्वांत ओलसर जागा न्हाणीघर, म्हणून मी पिशवी तिथे टांगली आणि दार लावून घेतलं. पाचव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके आले, त्यांना 'पिन' म्हणतात. आनंद झाला. मग त्या पिनांचे नुसते दांडेच लांबत गेले. बोटाएवढे पांढरे दांडे आणि टोकाला शर्टाच्या बटणाएवढी टोपी. "ही अळंबी की मुळ्याच्या शेंगा?" आईने विचारलं.

चूक हवेची होती. ही जाळी लाकडाच्या पोटात असते तेव्हा तिच्या भोवती अंधार असतो आणि तिनेच सोडलेला कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. जिथे उजेड लागतो आणि मोकळी हवा मिळते तिथे लाकूड संपलं, इथून बीजाणू उडवता येतील, एवढं तिला कळतं. पिशवीला दिलेली चीर म्हणजे तेच फसवं लाकडाचं टोक. पण बंद न्हाणीघरात कार्बन डायऑक्साइड साचला, आणि बुरशीच्या हिशेबी ती अजून बिळातच होती. बिळात टोपी उघडून काय फायदा? म्हणून दांडा लांबवत राहिली. पिशवी स्वयंपाकघराच्या खिडकीत आणली, ऊन थेट लागणार नाही अशी, आणि पुढचा घोस अगदी चित्रातल्यासारखा आला.

पिन दिसल्यापासून काढणीपर्यंत चार-पाच दिवस पुरतात. सकाळी पाहिलेला घोस संध्याकाळी मोठा दिसतो, कारण पेशी बऱ्याचशा पिनच्या अवस्थेतच तयार असतात. पुढे त्या मुख्यतः पाणी भरून फुगतात. अळिंबीत ९० टक्के पाणीच असतं, म्हणून फवारा चुकवून चालत नाही. टोपीची कड खाली वळलेली किंवा सपाट असतानाच सगळा घोस पिरगाळून काढायचा. एकदा मी दोन दिवस गावी गेले आणि परत आले तर काळ्या ओट्यावर कोणीतरी बारीक पीठ चाळल्यासारखा पांढरट थर. ते बीजाणू. पुसताना मला चांगलाच खोकला लागला. मोठ्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना याने फुप्फुसाचा विकार होऊ शकतो, म्हणून तिथे मास्क लावतात. घरात दमा असेल तर पिशवी झोपायच्या खोलीत नको.

पहिलं किट संपल्यावर हुरूप आला आणि दुसरा बेड मी स्वतः भरला. आठव्या दिवशी एका कोपऱ्यात पोपटी हिरवा डाग, अकराव्या दिवशी अर्धी पिशवी हिरवी. ही ट्रायकोडर्मा. शेतकऱ्यांना हे नाव चांगलं ठाऊक आहे, कारण मर रोगावर उपाय म्हणून तिची पाकिटं कृषी केंद्रात मिळतात. ती दुसऱ्या बुरशींवर तुटून पडते म्हणूनच शेताची मित्र, आणि त्याच कारणाने बेडची वैरी. दोष माझाच, पेंढा नीट निथळू दिला नव्हता. मूठ दाबली तर हात फक्त ओलसर व्हावा, थेंब पडू नये. माझ्या मुठीतून धार लागली होती. पाण्याने हवेच्या फटी बुजल्या, धिंगरी गुदमरली, आणि दुसरीने डाव साधला. अशी पिशवी घरात उघडू नये, बांधलेलीच बाहेर न्यावी.

पैशाचा हिशेब मांडाल तर किट बाजारातल्या अळिंबीहून महागच पडतं. नीट जमलं तर १ किलो कोरड्या पेंढ्यामागे दोन-तीन काढण्यांत सहाशे-आठशे ग्रॅम मिळते, पहिली काढणी सर्वांत मोठी. 'मटणाइतकी प्रथिनं' हा खोक्यावरचा दावा वाळवलेल्या अळिंबीच्या वजनावर बेतलेला असतो. ताज्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ३ ग्रॅम असतात. एक गोष्ट मात्र खरोखर करण्यासारखी आहे: टोपीखालचे पातळ पडदे वर येतील अशी उलटी करून अळिंबी थोडा वेळ दुपारच्या उन्हात ठेवायची. तिच्यातल्या अर्गोस्टेरॉलचं उन्हात ड जीवनसत्त्व होतं, आपल्या कातडीत होतं साधारण तसंच.

आईने ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून, दोन आमसुलं टाकून भाजी केली. खाऊन म्हणाली, "बरी आहे. पण श्रावणातल्या अळंब्यांची सर नाही." ती सिंधुदुर्गातली. तिच्या अळंब्या वारुळावर उगवतात, गोव्यातही त्यांच्यावर लोकांचा जीव असतो. त्यांचं किट मिळत नाही, कारण ते किट वाळवीच्या मालकीचं आहे. वाळवी वाळलेला पालापाचोळा चावून वारुळाच्या पोटात त्याचे बेड रचते, त्यावर ही एकच बुरशी वाढवते आणि दुसरी कुठली उगवू देत नाही. वाळवी गेली की त्याच बेडवर भलतीच बुरशी चढते. वाळवीची ही शेती सुमारे ३ कोटी वर्षं चालू आहे. पावसाळ्यात त्या बेडमधून लांब मुळासारखा दांडा माती फोडून वर येतो, तीच आईची अळंबी. माणसाला तिची व्यापारी लागवड अजून जमलेली नाही.

"मग वाळवी पाळ," आई म्हणाली आणि भाजीचं पातेलं झाकून ठेवलं.