नीसचा हंगाम: जानेवारीकडून सप्टेंबरकडे

२७ जुलै २०२१ रोजी युनेस्कोने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तो ‘रिव्हिएरावरील (म्हणजे याच किनारपट्टीवरील) हिवाळी मुक्कामाचे शहर’ म्हणून. जुलैच्या अखेरीस या शहराच्या किनाऱ्यावर टॉवेल टाकायलाही जागा शोधावी लागते. आज कोणालाही नीसला केव्हा जावे असे विचारले, तर उत्तरात मे, जून किंवा सप्टेंबर ऐकू येतो आणि जानेवारीचे नाव क्वचितच निघते. तरीही उन्हाळ्यात येणारे लोक ज्या इमारती, बागा आणि किनाऱ्यालगतचा रस्ता पाहत हिंडतात, ते बहुतेक सारे हिवाळ्यातल्या पाहुण्यांसाठी उभे राहिले होते. नीसला जाण्याचा योग्य महिना कोणता, या प्रश्नाचे उत्तर गेल्या अडीचशे वर्षांत पूर्णपणे उलटले आणि आता ते पुन्हा सरकू लागले आहे. महिना निवडणाऱ्याने हवामानाचा तक्ता जरूर पाहावा, पण या शहराचे दर, गर्दी आणि उत्सव हे तक्त्यापेक्षा या इतिहासावर अधिक चालतात, असे मला वाटते.

तक्ता काय सांगतो, ते आधी पाहू. उत्तरेला आल्प्सची भिंत आणि दक्षिणेला समुद्र, अशा बेचक्यात हे शहर वसले आहे. डोंगर उत्तरेकडचे गार वारे अडवतात, उन्हाळ्यात तापलेला समुद्र आपली ऊब हळूहळू सोडत राहतो आणि त्यामुळे जानेवारीतही दुपारचे तापमान सरासरी तेरा अंशांपर्यंत चढते. जुलै-ऑगस्टमध्ये ते सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत जाते. वर्षभरात पडणारा पाऊस मुंबईत एकट्या जुलै महिन्यात पडणाऱ्या पावसापेक्षाही कमी असतो, पण तो पडतो मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि जुलै जवळजवळ कोरडा जातो. म्हणजे इथला पावसाळा आपल्या हिशेबाच्या नेमका उलट आहे, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

या हवेची नोंद घेऊन ती बाहेरच्या जगाला सांगणाऱ्यांत टोबायस स्मॉलेट यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. स्कॉटलंडचे हे लेखक पेशाने डॉक्टर होते. पंधरा वर्षांची एकुलती एक मुलगी गेल्याचे दुःख आणि स्वतःच्या छातीचा जुना विकार घेऊन ते १७६३ च्या अखेरीस नीसला पोहोचले. तेव्हा हे शहर फ्रान्सचे नव्हते. ते सार्डिनियाच्या राजाच्या, म्हणजे सॅव्हॉय घराण्याच्या, ताब्यात होते. स्मॉलेट यांनी इथे मुक्काम असेपर्यंत तापमान, वारा आणि आभाळ यांची नोंदवही ठेवली आणि १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनाला ती जोडली. माणसांवर, खाणावळींवर आणि रस्त्यांवर त्यांनी त्या पुस्तकात सडकून टीका केली आहे. पण ऐन हिवाळ्यात तटावरून खाली पाहिले की संत्र्या-लिंबांनी लगडलेली झाडे, तोडणीला आलेला वाटाणा आणि फुललेले गुलाब दिसतात, हे त्यांचे वर्णन इंग्लंडच्या धुक्यात खोकत बसलेल्या वाचकाच्या मनात घर करून राहिले. उन्हाळ्याविषयी मात्र ते माशा, पिसवा, ढेकूण आणि चिलटे यांच्या तक्रारीच करतात.

याच मुक्कामात त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. १७६४ च्या मे महिन्यात ते समुद्रात स्नानाला उतरू लागले. क्षयी दिसणारा माणूस गार पाण्यात उडी घेतो आहे हे पाहून गावकरी चकित झाले आणि काही डॉक्टरांनी तर हा आता लगेच मरणार असे भाकीत केले. स्मॉलेट यांची प्रकृती उलट सुधारली, तेव्हा काही स्विस अधिकाऱ्यांनी आणि मग काही स्थानिकांनीही त्यांचे अनुकरण केले. नीसच्या समुद्राचा मोह पुढे जगाला पडला, पण त्याला आणखी दीडशे वर्षे जावी लागली. त्या वेळी लोकांनी त्यांच्या पुस्तकातून उचलला तो हिवाळा.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज कुटुंबे ऑक्टोबरमध्ये येऊन एप्रिल-मेपर्यंत राहू लागली. फ्रेंचमध्ये त्यांना ‘इव्हेर्नां’ म्हणत, म्हणजे हिवाळा काढायला आलेले. १८२० च्या सुमारास एका कडक हिवाळ्यात थंडीने संत्र्यांच्या बागा जळाल्या आणि मजुरांच्या हातचे काम गेले. तेव्हा ल्यूइस वे या इंग्रज धर्मोपदेशकाने वर्गणी जमवली आणि त्या मजुरांकडून समुद्रालगत जेमतेम दोन मीटर रुंदीची पाऊलवाट बांधून घेतली. गावाच्या बोलीत ती ‘इंग्रजांची वाट’ झाली. तीच आजची सात किलोमीटर लांबीची ‘प्रोमनाद देझ आंग्ले’. थंडीने मोडलेल्या एका हंगामाने शहराला त्याची ओळख दिली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. त्याच दशकात मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम आपल्याकडे महाबळेश्वर वसवत होते. हवापालटाने रोग बरा होतो, या त्या काळच्या वैद्यकीय समजुतीतून ही दोन्ही गावे वाढली. फरक एवढाच की महाबळेश्वरला उन्हाळा टाळण्यासाठी जात आणि नीसला हिवाळा.

ही वाट समुद्रकाठी असली, तरी समुद्राची ओढ मात्र नव्हती. खारा वारा छातीच्या रोग्याला उत्तेजित करतो, असे डॉक्टरांचे मत होते. म्हणून अशक्त रोग्यांना ते किनाऱ्यापासून दूर, सिमिए टेकडीच्या बाजूला राहायला सांगत. दक्षिणेकडे खिडकी असलेल्या खोलीचे भाडे जास्त असे. दुपारी उन्हात फिरावे, पण सूर्य मावळायच्या आत घरी परतावे, कारण त्या घटकेला हवा एकदम गार होते, हा सल्ला जणू नियमच होता. नीसमधली जुनी हॉटेले आजही नीट पाहिली, तर त्यांचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावरून ती कोणत्या महिन्यासाठी बांधली हे कळते.

१८६० मध्ये नीस फ्रान्सकडे आले आणि १८६४ मध्ये रेल्वे. त्यानंतर हिवाळ्यातली गर्दी कितीतरी पटींनी वाढली. रशियाची सम्राज्ञी अलेक्सांद्रा १८५६-५७ च्या हिवाळ्यात येऊन गेलीच होती; १८६५ च्या एप्रिलमध्ये रशियाचा एकवीस वर्षांचा युवराज निकोलाय याच शहरात वारला आणि त्याच्या स्मरणार्थ पुढे इथे रशियन कॅथीड्रल उभे राहिले. राणी व्हिक्टोरिया १८९५ ते १८९९ अशी सलग पाच वर्षे वसंताच्या सुरुवातीला सिमिएला उतरल्या. त्यांच्या लवाजम्यात आग्र्याकडचे मुन्शी अब्दुल करीम असत आणि त्यांना सोबत नेण्यावरून १८९७ मध्ये राणीच्या दरबारी मंडळींत मोठा वाद झाला होता. १८८७ मध्ये फ्रेंच लेखक स्तेफेन लिएजार यांनी आपल्या पुस्तकाला ‘कोत दाझ्यूर’, म्हणजे निळा किनारा, हे नाव दिले आणि तेच पुढे साऱ्या किनाऱ्याला चिकटले. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला, कार्निव्हल, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाआधीचा मिरवणुकांचा उत्सव, संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, भूकंप झाला आणि हंगामाच्या ऐन भरात हजारो पाहुणे घाबरून पळाले. फेब्रुवारी हा तेव्हा शहराचा सर्वांत गजबजलेला महिना होता, हे त्या घटनेवरूनही समजते.

कार्निव्हल जुनाच, मध्ययुगापासूनचा. पण १८७३ मध्ये त्यासाठी रीतसर समिती नेमली गेली, मिरवणुका आखल्या गेल्या आणि १८७६ पासून फुलांची लढाई, म्हणजे एकमेकांवर फुले उधळण्याची मिरवणूकही, सुरू झाली. पाहुण्यांना गुंतवून ठेवणे हा त्यामागचा उघड हेतू होता. शेजारच्या मोनॅकोत १९११ मध्ये सुरू झालेली माँते कार्लोची मोटार रॅली जानेवारीत ठेवण्यामागेही हाच विचार होता. दरम्यान वैद्यकाने मात्र या हंगामाचा मूळ पाया काढून घेतला होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिल्यावर तो रोग संसर्गजन्य ठरला; मग हॉटेले खोकणाऱ्या पाहुण्याला दार बंद करू लागली आणि रोगी डोंगरावरच्या आरोग्यधामांकडे वळले. हिवाळा उरला तो धडधाकट श्रीमंतांच्या करमणुकीपुरता. पहिल्या महायुद्धाने आणि १९१७ च्या रशियन क्रांतीने ती मंडळीही विखुरली.

उन्हाळ्याची सुरुवात नीसमध्ये नव्हे, शेजारच्या आंतीबच्या भूशिरावर झाली. १९२२ मध्ये अमेरिकन संगीतकार कोल पोर्टर यांनी तिथे उन्हाळ्यासाठी बंगला भाड्याने घेतला आणि त्यांचे मित्र जेराल्ड व सारा मर्फी त्यांच्याकडे आले. पुढच्या उन्हाळ्यात या दांपत्याच्या आग्रहाखातर तिथल्या एका मोठ्या हॉटेलचा मालक मोजके नोकर ठेवून हॉटेल उघडे ठेवायला राजी झाला. एरवी ते मे महिन्यात बंद होत असे. मर्फी कुटुंबाने समुद्रगवताने झाकलेला छोटा किनारा साफ केला आणि तिथे ते दिवसभर उन्हात पडून राहू लागले. उन्हाने काळवंडलेली त्वचा ही तोवर शेतमजुराची खूण समजली जाई. ती या दशकात रिकामपणाची आणि आरोग्याची खूण झाली. १९३१ पर्यंत किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी उन्हाळ्यातही दारे उघडी ठेवण्याचे ठरवले होते.

तरीही दहा-वीस श्रीमंत कुटुंबांच्या आवडीने शहराचे पंचांग बदलत नाही; ते बदलले कायद्याने. २० जून १९३६ रोजी लिऑन ब्लूम यांच्या पॉप्युलर फ्रंट या डाव्या आघाडीच्या सरकारने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि त्याच उन्हाळ्यात त्या सरकारातले लेओ लाग्रांज यांच्या पुढाकाराने सवलतीचे रेल्वे तिकीट निघाले. आयुष्यात कधी समुद्र न पाहिलेली माणसे त्या ऑगस्टमध्ये किनाऱ्यांकडे निघाली. १९५६ मध्ये रजा तीन आठवड्यांची झाली, १९६९ मध्ये चार आणि १९८२ मध्ये पाच. कारखाने ऑगस्टमध्ये बंद होत, शाळांना तेव्हाच सुटी असे, त्यामुळे सारा देश एकाच महिन्यात घराबाहेर पडू लागला. ऑगस्ट हा नीसचा सर्वांत महाग महिना झाला, तो हवा सर्वांत चांगली म्हणून नव्हे. ज्या सिमिएत राणी व्हिक्टोरियांसाठी ‘रेजिना’ हे भव्य हॉटेल बांधले होते, तिथे तोवर सदनिका झाल्या होत्या. चित्रकार मातीस १९३८ मध्ये तिथे राहायला गेले.

हंगाम कसा सरकला, हे उत्सवांच्या तारखांत सर्वांत स्पष्ट दिसते. १९४८ मध्ये नीसला पहिला जाझ महोत्सव झाला, प्रसिद्ध अमेरिकन जाझ वादक लुई आर्मस्ट्राँग आले, आणि तो होता फेब्रुवारीत. १९७४ मध्ये तो नव्या रूपात सुरू झाला तेव्हा जुलैत गेला. याच किनाऱ्यावरच्या कान शहरातल्या चित्रपट महोत्सवाचा प्रवास वेगळा. तो मुळात १ सप्टेंबर १९३९ ला सुरू व्हायचा होता. महायुद्धामुळे पहिला महोत्सव १९४६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाला. उन्हाळ्याचा हंगाम आणखी थोडा लांबावा, ही त्यामागची इच्छा होती. १९५१ मध्ये तो एप्रिलमध्ये आणला गेला आणि आता मे महिन्यात भरतो. ज्या महिन्यात खोल्या रिकाम्या, त्या महिन्यात उत्सव ठेवायचा आणि मग त्याच महिन्यात खोल्या मिळेनाशा व्हायच्या, असे हे चक्र आहे.

गेल्या काही वर्षांत हवाही या हिशेबात उतरली आहे. २००३ च्या ऑगस्टमधील उष्णतेच्या लाटेनंतर भर उन्हाळा वयस्कर प्रवाशांसाठी जोखमीचा ठरू लागला आणि २०२२ च्या जुलैत नीसजवळच्या समुद्राचे पाणीच २९ अंशांपर्यंत तापले. म्हणून मे-जून आणि सप्टेंबर हे उन्हाळ्याच्या कडेचे महिने पुढे आले आहेत. सप्टेंबरचा पूर्वार्ध मला सर्वांत उजवा वाटतो: पाणी अजून ऊबदार असते, शाळा उघडलेल्या असतात आणि गोट्यांच्या त्या किनाऱ्यावर पाठ टेकायला जागा मिळते. महिना पुढे सरकला की मात्र सावध राहावे. तापलेल्या समुद्रावरून आलेले दमट वारे डोंगराला अडले की काही तासांत महिन्याभराचा पाऊस कोसळतो. ३ ऑक्टोबर २०१५ च्या संध्याकाळी कान-नीस पट्ट्यात असाच पाऊस होऊन वीस माणसे गेली आणि २ ऑक्टोबर २०२० ला अॅलेक्स वादळाने नीसच्या मागच्या वेझ्युबी खोऱ्यातली घरे, पूल आणि रस्ते वाहून नेले.

महाराष्ट्रातून सहकुटुंब जाणाऱ्यांपुढे शाळेच्या सुट्यांमुळे मुळात दोनच पर्याय असतात: दिवाळी आणि मे. दिवाळीची सुटी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, म्हणजे नेमकी तिथल्या पावसाच्या दिवसांत. आपल्याकडे पाऊस सरला म्हणून निर्धास्तपणे त्या वेळचे तिकीट काढणे बरे नव्हे. शाळेचे बंधन नसेल आणि फुलांची लढाई, लिंबांनी भरलेली झाडे आणि ज्यासाठी हे शहर बांधले ते कोवळे ऊन पाहायचे असेल, तर फेब्रुवारी अजूनही तितकाच चांगला आहे, फक्त समुद्र लांबून पाहावा लागतो. उरतो मे. त्याच्या उत्तरार्धात कानचा महोत्सव असल्याने खोल्यांचे दर चढतात, तेव्हा पूर्वार्ध गाठावा. दिवसभर पायी फिरायला ती हवा उत्तम असते. पाणी मात्र अजून सतरा-अठरा अंशांच्या आसपासच असते आणि आपल्या किनाऱ्यांची सवय असलेल्या मुलांना ते चांगलेच गार लागते. याच महिन्यात, याच पाण्यात, स्मॉलेट पहिल्यांदा उतरले होते.