सेल्फ घेत नाही की गाडी पकडत नाही?

आमच्या घरातल्या जुन्या गाडीबद्दल एक वाक्य कित्येक वर्षं जसंच्या तसं बोललं गेलं: "आज परत चालू होत नाहीये." वाक्य एकच, पण त्यामागचे बिघाड दोन होते आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. पहिल्या बिघाडात आम्ही चांगली बॅटरी काढून नवी बसवली. दोन वर्षांनी दुसरा बिघाड आला, तेव्हा पहिल्याचा अनुभव गाठीशी होता म्हणून पुन्हा बॅटरीवरच संशय घेतला. दोन्ही वेळा चूक तीच. किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरलं की नाही, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

गॅरेजमध्ये या दोन आजारांना वेगळी नावं आहेत. "सेल्फ घेत नाही" म्हणजे स्टार्टर मोटर इंजिनाला फिरवतच नाही. किल्ली फिरवली की शांतता, किंवा एकच टक, किंवा टकटकटक. "सेल्फ घेतो पण पकडत नाही" म्हणजे इंजिन घर्रर घर्रर फिरतंय, पण स्वतःच्या बळावर चालू होत नाही. पहिल्यात शोध बॅटरी, तारा आणि स्टार्टर यांच्यात घ्यायचा. दुसऱ्यात इंधन, ठिणगी आणि सेन्सर यांच्यात.

हा फरक वरवरचा नाही. पेट्रोल किंवा डिझेलचं इंजिन स्वतःहून सुरू होऊच शकत नाही. आधी बाहेरून कुणीतरी ते फिरवावं लागतं, हवा आत ओढली जावी लागते, दाबली जावी लागते. मगच पहिला स्फोट होतो आणि पुढचं काम इंजिन हाती घेतं. एकेकाळी हे फिरवणं माणूस करायचा, पुढून लोखंडी हँडल मारून. १९१२ साली कॅडिलॅकच्या गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला आणि ते काम मोटरकडे गेलं. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला साधारण १५० ते २५० फेरे देतो. म्हणजे कामं दोन आहेत: फिरवणारा वेगळा, पेटणारा वेगळा. कोण अडलंय हे ठरल्याशिवाय सुटा भाग बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आधी सेल्फ न घेणाऱ्या गाडीकडे जरा निवांत बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. "लाइट तर लख्ख लागतायत, मग बॅटरी आणि वायरिंग ठीकच असणार," असं आपण म्हणतो. हे खरं नाही. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर करंट घेतात. स्टार्टरला लहान पेट्रोल गाडीतसुद्धा १०० ते २०० अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त. आता तारेच्या एखाद्या टोकाला गंज चढून ०.०२ ओहम एवढा क्षुल्लक रोध तयार झाला असं धरा. हेडलाइटच्या ९ अँपिअरला त्या जागी ०.१८ व्होल्टची गळती होते, डोळ्यांना काही कळतही नाही. स्टार्टर १५० अँपिअर खेचायला गेला की त्याच जागी ३ व्होल्ट खाल्ले जातात. बॅटरी तीच, तार तीच, पण दिवा लख्ख आणि मोटर गप्प.

म्हणून हेडलाइटची परीक्षा सेल्फ मारताना घ्यायची, आधी नाही. दिवे लावून कुणालातरी समोर उभं करा (गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा) आणि किल्ली फिरवा. दिवे एकदम मालवल्यासारखे झाले तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिच्या टर्मिनलपाशीच पकड सैल आहे. टकटकटक हा आवाजही याच घरचा: सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडून देणारा विजेचा स्विच) आत ओढला जातो, त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा ओढला जातो. दिवे जराही हलले नाहीत आणि आवाजही नाही, तर स्टार्टरपर्यंत हुकूमच पोचत नाही: किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, क्लचखालचा स्विच किंवा ऑटोमॅटिक गाडीतला गिअरचा स्विच. ऑटोमॅटिकमध्ये 'पी'ऐवजी 'एन'मध्ये घेऊन सेल्फ घेतला तर गुन्हेगार तिथेच सापडतो. एकच ठसठशीत टक आणि पुढे काही नाही, तर स्टार्टरचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत, आतले संपर्क जळालेत किंवा जाड तारेत दोष आहे. कधी स्टार्टरवर लाकडी दांड्याने ठोकलं की सेल्फ घेतो; तेव्हा बहुधा कार्बन संपत आलेत असं समजा. तो उपाय नाही, चार दिवसांची मुदत आहे.

आमच्या गाडीत काय होतं? दिवे लख्ख, एक मंद टक, बस. कधी तीनदा किल्ली फिरवल्यावर घ्यायची, कधी अजिबात नाही. नवी बॅटरी घातल्यावर महिनाभर बरं चाललं, कारण ताज्या बॅटरीचा जोर त्या खराब जागेतूनही करंट ढकलू शकला. मग पुन्हा तेच. शेवटी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर लावलं, पट्टे-पंख्यांपासून लांब. किल्ली फिरवली आणि सेल्फने पहिल्या झटक्यात घेतलं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याची अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट, एका विणलेल्या पट्टीने जोडावी लागते. ती पट्टी काढून हातात घेतली तेव्हा वरून साबूत दिसत होती. बोल्टखालचं टोक मात्र हिरवं पडलेलं, आणि अंगठ्याने जरा वाकवलं तर तांब्याचे धागे पेंढ्यासारखे तुटून आले. इंजिन दर वेळी थांबताना हलायचं, उरलेले धागे कधी टेकायचे, कधी नाही. म्हणून तो लहरीपणा. हेडलाइटची अर्थिंग बॉडीवरून जाते, तिचा या पट्टीशी संबंधच नव्हता.

याच घरात आणखी एक जुळ्या भावंडांची जोडी राहते: बॅटरी मेलेली असणं आणि बॅटरी उपाशी असणं. जंप केबलने गाडी चालू झाली म्हणजे "बॅटरी गेली" असं ठरवून टाकू नका. ती फक्त रिकामी होती एवढंच त्यातून कळतं. साधा मल्टिमीटर लावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, १२.५ वरच अडकलं असेल तर अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटरी भरणारा जनित्र) चार्ज करत नाहीये आणि नवी बॅटरीही चार दिवसांत उपाशी पडेल. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर मात्र ती खरोखर थकली आहे. आणि चार्जिंगही नीट, बॅटरीही नीट, तरी दोन दिवस उभी राहिली की रिकामी होत असेल, तर कुठेतरी करंट गळतोय. डिकीतला किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यातला ५ वॉटचा दिवा झाकणाआड पेटता राहिला तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास खातो. ४५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरीही त्यात चार-पाच दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि सेल्फ घेणं त्याआधीच बंद होतं. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासायची जुनी रीत मात्र कृपा करून विसरा; त्या झटक्यात व्होल्टेज उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

आता दुसरा आजार. इंजिन जोरात फिरतंय, पण पकडत नाही. इथे बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. किल्ली 'ऑन'वर आणून गाडीत शांत बसा: बऱ्याच पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची बारीक घूं ऐकू येते. ती नेहमी यायची आणि आता येत नसेल, तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने बघा. घूं येते, पण सकाळी पहिल्यांदा खूप वेळ सेल्फ मारावा लागतो आणि दिवसभर मग त्रास नाही, तर रात्रीतून इंधनाचा दाब उतरतोय. किल्ली दोन-तीनदा नुसती 'ऑन' करून मग सेल्फ मारल्यावर लगेच पकडली, तर संशय पक्का. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलुपाचं चिन्ह भराभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी, किल्लीतली चिप वाचणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाहीये, दुसरी किल्ली वापरून बघा. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतातच. थंडीत ग्लो प्लग (आतली हवा तापवणारे) आणि एरवी इंधनाच्या लाइनमध्ये शिरलेली हवा बघायची. आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसुरी, भर्रकन फिरत असेल, तर ताबडतोब थांबा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) तुटल्याची ती खूण असू शकते आणि काही इंजिनांत अशा वेळी सेल्फ मारत राहिलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. एरवीही एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, स्टार्टर तापतो.

दोन्ही आजारांची सरहद्द एका जागी पुसट होते. बॅटरी अर्धवट उतरली असेल तर इंजिन फिरतं, पण मंद, रडतरखडत. स्टार्टर एवढं व्होल्टेज खातो की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आणि इग्निशनला पुरेसं उरत नाही. डिझेलमध्ये हवा दाबून पुरेशी तापतच नाही. दिसतं "पकडत नाही" असं, मूळ मात्र पहिल्या घरात. म्हणून फिरतंय का याच्या जोडीला कसं फिरतंय हेही कानाने टिपायला हवं. आपल्या गाडीचा निरोगी सेल्फ कसा वाजतो, तो आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवावा.

पुन्हा पुन्हा येऊन जाणाऱ्या बिघाडाचं दुखणं असं, की गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली: तारीख, गाडी थंड की गरम, किती वेळ उभी होती, इंजिन फिरलं का, कोणता आवाज. सहा-सात नोंदींत नमुना उमटला. दुसऱ्या बिघाडाच्या सगळ्या नोंदी गरम गाडीच्या होत्या. लांबून आल्यावर दहा मिनिटं थांबली की पकडायची नाही, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू व्हायची.

आठव्यांदा बहिणीचा फोन आला. "दादा, परत चालू होत नाहीये. बॅटरीवाल्याला बोलावू?" मी म्हटलं, "थांब. फोन बॉनेटजवळ धरायला सांग कुणाला, आणि तू किल्ली फिरव." फोनमधून सेल्फ खणखणीत ऐकू येत होता. "आता परत एकदा फिरव आणि आरपीएमच्या काट्याकडे बघ."

"काटा हलतच नाहीये. इंजिन तर फिरतंय!"

क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) कुठल्या स्थितीत आहे हे सांगणारा सेन्सर तापल्यावर मुका झाला, की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नसतं. मग ठिणगी नाही आणि इंधनही नाही. बऱ्याच गाड्यांत आरपीएमचा काटाही त्याच सेन्सरच्या भरवशावर असतो. गॅरेजमध्ये या वेळी मी एवढंच सांगितलं: "गरम असताना सेल्फ जोरात घेतो, काटा शून्यावर, अर्ध्या तासाने पकडते." मेकॅनिकने बॅटरीला हातही लावला नाही. गाडी फिरवून तापवली, बंद पडू दिली आणि मग स्कॅनर लावला.