'एर वाइस'ला 'ट' का लागत नाही?

जर्मन शिकताना 'एर माख्ट', म्हणजे 'तो करतो', अंगवळणी पडतं न पडतं तोच 'एर वाइस' समोर येतं: 'त्याला माहीत आहे'. शेवटी 'ट' नाही. हा अपवाद आदि-जर्मानिकमधल्या, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डच वगैरेंच्या पूर्वज भाषेतल्या, *वितनँ या पुनर्रचित क्रियापदापासून चालत आला आहे (तारा म्हणजे रूप लिखित नाही, अनुमानाने उभं केलेलं). गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत 'वाइत', अनेकवचनी 'वितुम'. संस्कृत 'वेद', 'विद्म'. जर्मानिकमध्ये मूळच्या 'द'चा 'त' झाला, एवढाच काय तो व्यंजनातला फरक. 'चकार', 'ददर्श' यांच्यासारखं द्वित्व, म्हणजे धातूच्या पहिल्या अक्षराची पुनरावृत्ती, दोन्हीकडे नाही.

वाद आहे तो नावाचा. अशा क्रियापदांना 'भूत-वर्तमान' म्हणतात. रूप भूतकाळाचं, म्हणून 'ट' नाही; अर्थ वर्तमानाचा. जर्मानिकपुरतं पाहिलं तर वर्णन बरोबर आहे, पण त्यातून असं वाटतं की भूतकाळाचा अर्थ पुढे कधीतरी पालटला. घडलं नेमकं उलटं. संस्कृत आणि जर्मानिक यांच्या समान मूळ भाषेत हे रूप अवस्था सांगत होतं: पाहून झालं आहे, म्हणून आता माहीत आहे. बाकीच्या बहुतेक क्रियापदांची तशी रूपं जर्मानिकमध्ये भूतकाळाकडे सरकली, *वितनँ मात्र जागचं हललं नाही. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. 'कळलं का?' 'कळलं.' रूप भूतकाळी, पण कळलेलं असतं ते आत्ता. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तर यासाठी वेगळं सूत्रच आहे, 'विदो लटो वा'. वर्तमानकाळात 'वेत्ति' चालतं, तसं लिट्‌चे (परोक्ष भूतकाळाचे) प्रत्यय घेतलेलं 'वेद'ही चालतं. ही नोंद त्या पारिभाषिक नावापेक्षा कितीतरी नेमकी आहे.

जुनं रूप वर्तमानात अडकल्यामुळे भूतकाळासाठी नवं रूप घडवावं लागलं. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात सापडलेला लहान येशू आईवडिलांना विचारतो, 'तुम्हाला ठाऊक नव्हतं का?' चौथ्या शतकातल्या गॉथिक भाषांतरात तिथे 'विस्सेदुथ' आहे, 1611च्या इंग्रजी बायबलात 'विस्ट'. आजच्या जर्मनमध्ये 'वुस्टं'.

डच आणि स्वीडिशमध्ये हे क्रियापद रोजच्या वापरात आहे. इंग्रजीत त्याची जागा 'नो'ने घेतली. कायद्याच्या भाषेतलं 'टू विट' आणि 'अनविटिंगली' एवढंच मागे उरलं. हे 'नो' आणि इंग्रजीतलंच 'कॅन' दोन्ही एकाच धातूचे, आपल्या 'ज्ञा'चे भाऊबंद. तरी 'ही नोज'ला 'एस' लागतो आणि 'ही कॅन'ला नाही, कारण 'कॅन' भूत-वर्तमान गटातलं आहे.