लॅक्टिक अॅसिड बॅक्टेरियांची पेशीभित्तिका

दुधातल्या साखरेचं लॅक्टिक अॅसिड करून दही लावणारे जे जंतू, त्यांच्या पेशीला बाहेरून असलेलं जाड कवच म्हणजे पेशीभित्तिका. सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही सायन्स कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या पोरांना सुरुवातीलाच दह्याचा थेंब काचपट्टीवर पसरून ग्रॅम स्टेन (जंतूंना रंग देऊन ओळखायची पद्धत) करायला लावतात, आणि मायक्रोस्कोपखाली जांभळ्या काड्या आणि जांभळ्या गोळ्यांच्या माळा दिसतात. तो जांभळा रंग अल्कोहोलनं धुतला तरी जात नाही याचं कारण ही भित्तिकाच. ही पद्धत हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी 1884 मध्ये मांडली, आणि अशा जंतूंना ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणतात.

भित्तिकेचा मुख्य माल पेप्टिडोग्लायकन. एन-अॅसिटिल ग्लुकोसामाइन आणि एन-अॅसिटिल म्युरामिक अॅसिड या दोन साखरा एकाआड एक जोडून लांब साखळ्या होतात, त्यांना अमिनो आम्लांचे आखूड तुकडे लटकलेले असतात, आणि शेजारच्या साखळ्यांचे तुकडे एकमेकांत अडकवले की बाजेच्या विणीसारखं जाळं तयार होतं, फक्त थरावर थर असलेलं. पेशीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळं जाळं विस्कटलं की पेशी फुटते. सांधा जातीनुसार बदलतो, लॅक्टोकोकस लॅक्टिसमध्ये मधे अॅस्पार्टिक अॅसिड, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलसमध्ये अॅलानिन.

दगडी (कासेला सूज येण्याचा रोग) झालेल्या म्हशीच्या सडात पेनिसिलिनची ट्यूब सोडली आणि सांगितलेले दिवस न थांबता दूध विरजलं तर दही लागत नाही, दुसऱ्या दिवशी भांड्यात दूध तसंच पातळ, आणि खापर मात्र विरजणावर. पेनिसिलिन हे सांधे जोडणाऱ्या एन्झाइमलाच चिकटून बसतं. पेशी वाढायला म्हणून स्वतःच जुनी विण कापत असते, नवी जोडली जात नाही, आणि ती फुटते. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस यात फारच नाजूक, लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असलं तरी त्याची वाढ अडते. दूध उकळून उपयोग नाही, बरंचसं पेनिसिलिन तसंच राहतं. गंमत म्हणजे व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या बाबतीत यातल्या काही जाती, उदाहरणार्थ प्लँटेरम, कॅसेई आणि ल्युकोनोस्टॉक, मुळातच दाद देत नाहीत, कारण त्यांच्या तुकड्याच्या टोकाला अॅलानिनच्या जागी लॅक्टेट असतं आणि औषधाला धरायला जागा मिळत नाही.

जाळ्यात टायकोइक अॅसिडाच्या लांब साखळ्याही रुतलेल्या असतात, त्यांच्यावर अॅलानिन चढवून पेशी भित्तिकेवरचा ऋण भार कमी-जास्त करते. अॅसिडोफिलस, हेल्व्हेटिकस अशा काहींवर वरून एस-लेयर म्हणजे प्रोटीनचा थर असतो, सगळ्यांवर नसतो. दुधात वाढणाऱ्या बऱ्याच लॅक्टोकोकसच्या भित्तिकेला केसिन (दुधातलं मुख्य प्रोटीन) तोडणारं एन्झाइम टांगलेलं असतं. दुधात मोकळी अमिनो आम्लं थोडीच, त्यामुळं ते नसलं तर पेशीची उपासमार होते आणि दूध लवकर आंबत नाही.

दह्याला तार सुटते तीही इथूनच, काही जाती भित्तिकेबाहेर पॉलिसॅकराइड (साखरांच्या लांब साखळ्या) सोडतात आणि चमचा उचलला की दही लांबत येतं. घरी असं दही कुणाला आवडत नाही, पण पाणी न सुटणारं दाट योगर्ट हवं असेल तर डेअरीवाले मुद्दाम अशी कल्चरं (विरजणासाठी वाढवलेले जंतू) घेतात.

शेवटी फाज, म्हणजे जंतूंचे व्हायरस. भिलवडीपासून फलटणपर्यंत डेअऱ्यांचा पट्टा आहे, आणि कल्चर वापरणाऱ्या कुठल्याही डेअरीला फाजची धास्ती असतेच. बहुतेक फाज भित्तिकेवरचं ठराविक पॉलिसॅकराइड किंवा टायकोइक अॅसिड ओळखूनच चिकटतो, त्यामुळं एका कल्चरला लागलेला फाज वेगळ्या भित्तिकेच्या कल्चरला बहुधा लागत नाही, म्हणून कल्चरं आलटून पालटून वापरतात.