माजी महिला सैनिकांच्या गर्भनिरोधक गोळीचे पैसे : दोन कायद्यांमधल्या फटीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या तीन बायका एकच गर्भनिरोधक गोळी घेतात असं समजा. पहिली अजून लष्करात आहे. तिला ती फुकट मिळते. दुसरी बँकेत काम करते. नोकरीतून मिळालेल्या आरोग्य विम्यात तिलाही पैसे पडत नाहीत. तिसरी लष्करातली नोकरी पूर्ण करून बाहेर पडली आणि आता माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात जाते. तिला महिन्याच्या पाकिटामागे ५ ते ११ डॉलर मोजावे लागतात. हे दवाखाने चालवणाऱ्या माजी सैनिक व्यवहार खात्याला तिकडे सगळे ‘व्हीए’ म्हणतात, आणि रुग्णाने औषधामागे भरायच्या या वाट्याला ‘को-पे’.

या तिसरीने जास्त पैसे द्यावेत असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. १९९० चा एक कायदा आणि २०१० चा दुसरा, यांच्या मध्ये एक फट राहिली आणि ती नेमकी तिथे सापडली. पण ही फट इतकी वर्षं कुणाला बुजवावीशी का वाटली नाही, हे समजायचं तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं.

१९४३ चा जून महिना. महिलांची सहाय्यक सेना उभी राहून जेमतेम वर्ष झालं होतं. ओव्हिटा कल्प हॉबी तिच्या प्रमुख होत्या. ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’मधल्या जॉन ओडॉनेल या स्तंभलेखकाने लिहून टाकलं की या मुलींना गर्भनिरोधक साधनं पुरवायचा गुप्त निर्णय लष्कराने घेतला आहे. देशभर गहजब झाला. आईवडील मुलींना घरी बोलावू लागले, नवी भरती अडखळली. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांना जाहीर खुलासा करावा लागला आणि ओडॉनेलला मजकूर मागे घ्यावा लागला. त्याच काळात तेच लष्कर पुरुष सैनिकांना निरोध पुरवत होतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पुरुषाच्या बाबतीत जी आरोग्याची काळजी, ती बाईच्या बाबतीत बदनामी. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते, कारण पुढची पन्नास वर्षं ‘महिला सैनिक’ आणि ‘संततिनियमन’ हे दोन शब्द एका वाक्यात घ्यायला अधिकारी कचरत राहिले, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

युद्ध संपल्यावर १२ जून १९४८ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी महिलांना सैन्यदलांत कायमची जागा देणाऱ्या कायद्यावर सही केली. जागा दिली, पण मोजून. एकूण संख्येच्या २ टक्क्यांहून जास्त महिला नकोत, अशी मर्यादा होती; ती १९६७ मध्ये उठली. त्याआधी, १९५१ मध्ये, ट्रुमन यांनीच आणखी एक आदेश काढला होता, क्रमांक १०२४०. बाई गरोदर राहिली तर तिला सेवेतून काढता येईल. तिने मूल दत्तक घेतलं तरी काढता येईल. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाचं लहान मूल वर्षातून तीस दिवसांहून जास्त तिच्या घरात राहिलं, तरीही काढता येईल. बाप झालेल्या सैनिकाला मात्र यातलं काहीच लागू नव्हतं.

या नियमाचा अर्थ काय होता ते सुझन स्ट्रक यांच्या प्रकरणात दिसतं. स्ट्रक हवाई दलात कॅप्टन होत्या, परिचारिका. १९७० मध्ये व्हिएतनाममध्ये नेमणुकीवर असताना त्यांना दिवस गेले. त्या काळी हवाई दलाच्या रुग्णालयात गर्भपात करून घेता येत होता आणि तो केला तर नोकरी टिकणार होती. स्ट्रक कॅथलिक, त्यांना ते मान्य नव्हतं. साठलेली रजा घेते, बाळंत होते, मूल दत्तक देते आणि कामावर परत येते, असं त्यांनी सांगितलं. हवाई दल ऐकेना. डिसेंबर १९७० मध्ये त्यांना मुलगी झाली, ती ठरल्याप्रमाणे दत्तक गेली, आणि तरीही सेवामुक्तीची टांगती तलवार तशीच राहिली. त्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत रूथ बेडर गिन्सबर्ग होत्या, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायचं मान्य केलं आणि लगेचच हवाई दलाने स्ट्रक यांच्यापुरती माघार घेतली. खटल्यात निकाल द्यायला काही उरलंच नाही. गरोदर महिलांना सक्तीने काढण्याचं धोरण सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बंद झालं.

आपल्या वाचकाला हे लांबचं वाटू नये म्हणून एवढंच सांगते : आपल्याकडे लष्करी परिचारिका सेवेतल्या एका अधिकारी महिलेला लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये काढलं होतं, आणि तिला ६० लाख रुपये भरपाई द्या असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं.

सेवेतल्या बाईची ही कथा, तर सेवेतून बाहेर पडलेल्या बाईचं अस्तित्वच नोंदलेलं नव्हतं. अमेरिकेच्या जनगणनेत ‘तुम्ही सैन्यात होता का?’ हा प्रश्न महिलांना पहिल्यांदा १९८० मध्ये विचारला गेला. १२ लाखांहून जास्त जणींनी ‘हो’ म्हटलं. १९८२ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी व्हीएची रुग्णालयं तपासली, तेव्हा स्त्रीरोगांच्या उपचारांची धड सोय नाही, महिलांची पूर्ण तपासणी होत नाही, आडोसा नाही, अशी निरीक्षणं त्यांनी नोंदवली. पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातला एक पलंग आणि सामाईक न्हाणीघर, असं चित्र होतं. त्यानंतर, १९८३ मध्ये, सल्लागार समिती नेमली गेली. १९९२ च्या कायद्याने व्हीएला महिलांच्या प्रजनन आरोग्याची कामं करायची स्पष्ट परवानगी दिली. नौदलातल्या ‘टेलहुक’ लैंगिक अत्याचार प्रकरणाने देश हादरलेला होता. त्याच कायद्यात लैंगिक आघातावर समुपदेशनाचीही तरतूद झाली. वंध्यत्वावरचे उपचार, गर्भपात आणि बाळंतपण मात्र तेव्हा वगळलं गेलं. गर्भनिरोधक मिळू लागले.

मिळू लागले, पण विकत. कारण दोनच वर्षं आधी को-पे सुरू झाला होता.

१९९० मध्ये अमेरिकी सरकार तूट भरून काढायच्या मागे लागलं होतं. त्या वर्षीच्या मोठ्या अर्थसंकल्पी कायद्यात एक छोटं कलम आलं : सेवेमुळे न झालेल्या दुखण्यावर औषध घेणाऱ्या माजी सैनिकाकडून तीस दिवसांच्या औषधामागे २ डॉलर घ्यावेत. सेवेत ५० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आलेल्यांना यातून सूट. पुढे कमी उत्पन्नवाल्यांनाही सूट. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा साठीचा माणूस असणार. पण नियमाचे शब्द पाहा. गर्भधारणा टाळणं हे ‘सेवेमुळे झालेलं दुखणं’ कधीच ठरू शकत नाही. म्हणजे गोळी, योनीत बसवायची रिंग, कातडीवर चिकटवायचा पॅच, इंजेक्शन, सगळं आपोआप को-पेच्या यादीत. २ डॉलरचे २००२ मध्ये ७ झाले, आणि फेब्रुवारी २०१७ पासून औषधाच्या प्रकारानुसार ५, ८ आणि ११ डॉलर असे तीन दर लागू झाले. वर्षाला ६० ते १३२ डॉलर. लष्करातून नुकतीच बाहेर पडलेली, शिक्षण आणि लहान मूल सांभाळणारी पंचविशीतली बाई घ्या. तिच्या घरी टपालाने तीन महिन्यांच्या गोळ्यांचं पुडकं येतं, आणि मागोमाग २४ डॉलरचं बिल. त्या महिन्यात गाडीची दुरुस्ती निघाली, तर कुठला खर्च पुढे ढकलला जाईल?

आता २०१०. ओबामांच्या आरोग्य कायद्याने प्रतिबंधक उपचार विनाशुल्क केले. त्यात महिलांसाठी काय काय धरायचं, यावर तज्ज्ञ समितीने २०११ च्या जुलैत अहवाल दिला, आणि ऑगस्ट २०१२ पासून नव्या विमा योजनांना मान्यताप्राप्त सगळ्या प्रकारची गर्भनिरोधकं रुग्णाकडून एक पैसाही न घेता देणं भाग पडलं. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेत कुटुंबनियोजन आधीपासूनच विनाशुल्क होतं. पण हा नवा नियम ‘विमा योजनां’ना बांधणारा होता. व्हीए विमा विकत नाही. ते स्वतःच दवाखाने चालवतं. त्यामुळे नियम त्याला लागलाच नाही. झाली ती फट ही.

पुढची काही वर्षं अमेरिकेत या नियमावरून घनघोर वाद झाला आणि तो २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादाचा गाभा मालकाची धर्मश्रद्धा हा होता : माझ्या श्रद्धेत बसत नाही, तर मी कर्मचाऱ्यांच्या गोळीचे पैसे का भरू? तो प्रश्न पटो न पटो, समजण्यासारखा आहे. व्हीएच्या बाबतीत मात्र तो उद्भवतच नाही. इथे पैसे देणारं खुद्द सरकार आहे आणि गोळी ते आधीपासून देतंच आहे. प्रश्न फक्त त्या शेवटच्या पाच-आठ डॉलरचा.

मग खात्याने स्वतःच ते सोडून का दिले नाहीत? कारण कायद्याचे शब्द ‘घेता येतील’ असे नाहीत, ‘घ्यावेत’ असे आहेत. मंत्र्याला मनात आलं तरी सूट देता येत नाही. ती अमेरिकी काँग्रेसलाच, म्हणजे तिथल्या संसदेलाच, द्यावी लागते. आणि अशी सूट तिने दिलेली आहे. अफूजन्य औषधांचा अतिरेक झालेल्याचा जीव वाचवणारं नॅलोक्सोन २०१६ च्या कायद्याने माजी सैनिकांसाठी को-पेमुक्त झालं. एका औषधासाठी एक ओळ घातली गेली. गर्भनिरोधकांसाठी तशीच एक ओळ हवी होती.

ती ओळ घालणारं विधेयक कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधी जुलिया ब्राउनली यांनी २०१९ मध्ये मांडलं आणि जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा मांडलं. जूनमध्ये ते प्रतिनिधीगृहात आधी झटपट मंजुरीच्या मार्गाने आलं. त्या मार्गाला दोन तृतीयांश मतं लागतात, ती मिळाली नाहीत. काही दिवसांनी, २४ जूनला, साध्या बहुमताने २४५ विरुद्ध १८१ असं ते पार पडलं. सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या काँग्रेसची मुदत संपली तशी विधेयकाचीही संपली.

मधल्या काळात शेजारच्या खात्याने आपल्या हातातलं केलं. सेवेतले आणि निवृत्त सैनिक आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठी संरक्षण खात्याची ‘ट्रायकेअर’ योजना आहे. तिने जुलै २०२२ मध्ये तांबी, दंडात बसवायचं इम्प्लांट आणि इंजेक्शन यांवरचा रुग्णाचा वाटा काढून टाकला. खाजगी औषध दुकानातून घेतलेल्या गोळीवरचा वाटा राहिलाच. जून २०२३ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी गर्भनिरोधक स्वस्त आणि सुलभ करण्याविषयी आदेश काढला, त्यात व्हीएच्या मंत्र्यांनाही पावलं उचलायला सांगितलं. अध्यक्षांच्या आदेशाने कलमातला ‘घ्यावेत’ हा शब्द मात्र बदलत नाही.

एवढ्याशा रकमेसाठी हा खटाटोप का, असं विचारणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगेन. व्हीएच्या तपासणीत साधारण दर तीन महिलांमागे एक सेवाकाळात लैंगिक अत्याचार किंवा छळ झाल्याचं सांगते. मानसिक आघात, जुनाट वेदना, त्यांवरची औषधं, ज्यांतली काही गर्भाला घातक, हे सगळं घेऊन जगणाऱ्या बाईसाठी दिवस कधी जावेत हे स्वतः ठरवता येणं हा उपचाराचाच भाग आहे. इराक-अफगाणिस्तानात तंबूत राहताना पाळी थांबवायला कित्येकींनी सलग गोळ्या घेतल्या; परत आल्यावर अतिरक्तस्रावावर, एंडोमेट्रिओसिसवर (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा दुखरा आजार) तीच गोळी औषध म्हणून चालू राहते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. २०१९ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. तो को-पेबद्दल नव्हता, एका वेळी किती गोळ्या द्याव्यात याबद्दल होता. व्हीएकडून गोळी घेणाऱ्या २४,३०९ महिलांना तीनऐवजी बारा महिन्यांचा साठा एकदम दिला तर काय होईल, याचं गणित त्यात मांडलं होतं. उत्तर आलं : वर्षाला ५८३ नको असलेली गर्भारपणं टळतील आणि सरकारचे पैसे वाचतील, खर्च होणार नाहीत. दोन पुडक्यांच्या मध्ये पडणारा खंड किती महाग पडतो, ते या आकड्यात आहे. हा खंड टपाल उशिरा आल्यानेही पडतो आणि मागचं बिल भरायचं राहिल्यामुळे नवी मागणी न केल्यानेही पडतो.

व्हीएचे उपचार घेणाऱ्या महिला २००१ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार होत्या. आता त्या ६ लाखांवर आहेत.